‘राहू द्या सर’ येण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरी तालुक्यात तीन वर्षांपासून द्राक्षबागांना सल्ला देणारे एक तरुण कृषी पदवीधर लिहितात: “शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप मेसेजला मी दोन मिनिटांत उत्तर देतो. औषध, प्रमाण सगळं बरोबर असतं. बाकीचे सल्लागार दिवस दिवस लावतात, मी दोन मिनिटांत देतो, तरी लोक माझं ऐकत नाहीत. काही जण हळूहळू बोलणंच बंद करतात. परवा एका काकांनी लिहिलं, ‘सर पानं करपू राहिली, काय मारू?’ मी लगेच करप्यावरची तीन बुरशीनाशकं प्रमाणासह पाठवली. त्यांचं उत्तर आलं, ‘राहू द्या सर.’ मेसेज नीट कसा लिहावा?”

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. पहिल्या वाचनात मलाही घाई झाली होती. ‘सावकाश उत्तर देत जा’ एवढं लिहून मोकळं व्हावं असं वाटलं. दुसऱ्या वाचनात दिसलं की ‘दोन मिनिटांत’ हे तुम्ही दोन वेळा लिहिलंय, म्हणजे तुमचा सगळा भरवसा त्या दोन मिनिटांवर आहे. तिसऱ्या वाचनात जाणवलं की काकांच्या बागेची छाटणी कधीची, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. द्राक्षात काम करणारा माणूस बागेबद्दल बोलताना छाटणीचा कितवा दिवस हे आधी सांगतो, नाव नंतर. ते तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. विचारलंच नसेल.

मी पिंपळगाव, ओझर, निफाड या पट्ट्यात चोवीस वर्षं हेच काम करतोय. तुम्ही ज्या जागी अडकलात तिथे मी बरीच वर्षं अडकून होतो. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आपल्या भाषेत ‘ऐकणं’ हा शब्द दोन कामं करतो: कानाने ऐकणं आणि सांगितलेलं करणं. सल्लागार मंडळी पिंपळगाव मार्केटच्या बाहेर चहाला जमली की ‘शेतकरी ऐकत नाहीत’ ही तक्रार ठरलेली, आणि ती दुसऱ्या अर्थाची असते. पहिल्या अर्थाने आपण किती ऐकलं, हा विषय मी तरी त्या टपरीवर कधी निघालेला पाहिला नाही.

आता काकांच्या मेसेजवर या. ‘पानं करपू राहिली.’ तुम्ही यात ‘करपा’ वाचला. करपा हा रोग आहे. पावसाळी हवेत कोवळ्या फुटीवर आणि पानावर बारीक काळपट ठिपके येतात, मधला भाग राखाडी होतो, वाळून गळतो आणि पानाला भोकं पडतात. पण काकांनी ‘करपा’ लिहिलेलंच नाही. त्यांनी क्रियापद लिहिलंय. तव्यावरची भाकरी करपते तशी फवारणीनेही पानं करपतात. टाकीत दोन-तीन वस्तू एकत्र गेल्या, त्यांचं एकमेकांशी जमलं नाही, किंवा भर उन्हात फवारणी झाली, की एक-दोन दिवसांत पानांच्या कडा भाजतात, जिथे थेंब साचला तिथे डाग पडतो, सगळ्या ओळींत हे सारखंच दिसतं आणि त्यानंतर निघालेली नवी पानं स्वच्छ असतात. आपण त्याला स्कॉर्चिंग म्हणतो. घाबरलेला माणूस सकाळी सहा वाजता स्कॉर्चिंग लिहीत नाही. तो लिहितो, करपलं.

माझा अंदाज असा की काकांनी आधीच काहीतरी फवारलं होतं. पानं भाजली, रात्रभर झोप नाही, सकाळी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही त्याच भाजलेल्या पानांवर मारायला आणखी तीन औषधं सांगितली. अंदाज चुकीचाही असेल. खरोखर करपाच असेल. पण ते एका प्रश्नात कळलं असतं, आणि तो प्रश्न तुमच्या दोन मिनिटांत बसला नाही.

मला हे फार उशिरा कळलं: शेतकरी ‘काय मारू’ विचारतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी मारून झालेलं असतं. दुकानदाराने उधारीवर दिलं म्हणून, शेजारच्याने घेतलं म्हणून, मेहुण्याने सांगितलं म्हणून. नाहीतर दुसऱ्या सल्लागाराला विचारून झालेलं असतं आणि ते तुम्हाला सांगायचं कसं, हा त्याचा पेच असतो. त्यामुळे मेसेजमध्ये गोष्टीचा उत्तरार्धच येतो. पूर्वार्ध त्याच्याकडेच राहतो, कारण तो सांगितला की आपण रागावणार हे त्याला माहीत असतं. आपण रागावतोही. मी तर फार रागवायचो.

म्हणून माझ्याकडे आता पहिलं उत्तर साधारण असं जातं:

“वाचलं काका. पानं कधीपासून करपायला लागली? कडेने की मधून? छाटणीपासून आज कितवा दिवस? आत्तापर्यंत जे जे फवारलंय ते सगळं सांगा, दुकानातून दिलेलं असलं तरी. त्याच्या पुढचं आपण ठरवू. तोवर टाकी भरू नका.”

यातला प्रत्येक तुकडा अनुभवातून आलाय. ‘दुकानातून दिलेलं असलं तरी’ हे चार शब्द मी दोन-तीन वर्षं घासून बसवले. आधी मी विचारायचो, “तुम्ही आधी काही मारलं होतं का?” हा मास्तरांचा प्रश्न आहे. त्याला ‘नाही सर’ हेच उत्तर येतं, शाळेत शिकल्याप्रमाणे. ‘जे जे फवारलंय ते’ म्हटलं की फवारलं असणारच हे आपण गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे समोरच्याला कबुली द्यावी लागत नाही, फक्त यादी द्यावी लागते. ‘टाकी भरू नका’ हे तर सगळ्यात महत्त्वाचं. २०२३ पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण आमच्या निफाडकडच्या माणसाचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फवारणीपंप, तेवढ्या वेळात चार ओळी फिरून आलेला असतो.

प्रश्न मात्र तीन-चारच. माणूस बागेत उभा आहे, हात ओले आहेत, फोनची काच चिखलाची. दहा प्रश्नांचा अर्ज पाठवलात तर तो ‘संध्याकाळी सांगतो’ म्हणेल आणि सांगणार नाही.

या पूर्वार्धाची किंमत रुपयांत सांगतो, कारण काही जणांना हे सगळं गोडगोड बोलण्याचं शास्त्र वाटतं. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि माल अडकला. आपण ज्याला सीसीसी म्हणतो तेच हे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ रोखून काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते वापरलं जायचं. म्हणजे फवारणी उन्हाळ्यात, आणि तपासणी पुढच्या वर्षीच्या मालाची. काढणीच्या तोंडावर बागायतदार सल्लागाराला शेवटच्या महिन्यातल्या फवारण्या सांगायचा. आठ-दहा महिन्यांपूर्वीचं कोण सांगतो, आणि विचारत तरी कोण होतं? त्या वर्षी मी स्वतः किती जणांना विचारलं होतं, हे आठवलं की अजून अस्वस्थ होतं. तेव्हापासून ‘सर, हे आता चालेल का?’ असा मेसेज फेब्रुवारीत आला की मी हो-नाही लिहीतच नाही. काढणीला किती दिवस राहिले, माल एक्स्पोर्टला द्यायचाय की लोकल मार्केटला, आणि ते मारायचंय की मारून झालंय, हे आधी. तिसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं तर काढणी चार-सहा दिवस पुढे ढकलून, सॅम्पल पुन्हा तपासून माल वाचवता येतो. रागावलात तर माणूस लपवतो, आणि लपवलेलं प्रयोगशाळेत निघतंच.

माझे आजोबा सिन्नरकडच्या खेड्यातून पोस्टकार्डं लिहायचे. प्रत्येक उत्तराची सुरुवात ठरलेली: ‘तुमचे पत्र पोहोचले, मजकूर समजला.’ लहानपणी मला ही भरतीची ओळ वाटायची. पण त्यांचं पुढचं वाक्य बघितलं तर नेहमी समोरच्याच्या पत्रातलं काहीतरी असायचं: ‘गाय व्याली हे वाचून बरे वाटले, तुमच्या पायाचे दुखणे मात्र तसेच दिसते.’ मजकूर समजला याचा पुरावा दिल्याशिवाय ते स्वतःचं सांगायला सुरुवात करत नसत. पोस्टकार्डावर जागा किती, तरी त्यातली दोन ओळी जागा ते यासाठी देत. आपण अमर्याद जागा असलेल्या फोनवर सरळ ‘लिटरला दोन ग्रॅम’ने सुरुवात करतो.

हा पुरावा देताना त्याचाच शब्द परत वापरा. तो ‘पानं आजारल्यासारखी दिसू राहिली’ म्हणाला तर उत्तरात ‘आजारल्यासारखी’च यावं. लगेच ‘मॅग्नेशियमची कमतरता’ लिहू नका. ती असेलही, पण त्याला तुम्ही त्याची बाग पाहिल्यासारखं वाटायला हवं, पुस्तक उघडल्यासारखं नको. रोगाचं नाव खात्री झाल्यावर सांगा. आणि फोटोवरून सांगता येत नसेल तर तसं लिहा. ‘हे मला फोटोवरून कळत नाही, लॅबमधून पानांचं देठ परीक्षण करून घेऊ’ या वाक्याने माझा एकही शेतकरी आजवर गेला नाही. ठोकून दिलेल्या उत्तरांनी मात्र गेले.

आता व्हॉइस मेसेजबद्दल. इथे माझी स्वतःची मोठी चूक सांगतो.

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर तुम्ही कॉलेजात असताना पाहिला असेल. पाऊस हटत नव्हता. ज्यांनी लवकर छाटणी घेतली होती त्यांच्या बागा ऐन फुलोऱ्याच्या आसपास आणि पाऊस रोज. त्या दिवसांत एका जुन्या बागायतदारांचा चार-साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. दिवसाला असे शंभर येत होते. मी पहिला मिनिटभर ऐकला, डाऊनी या बुरशीच्या रोगाचं बोलणं आहे हे कळलं, आणि संध्याकाळी उघडीप मिळाली की ब्लोअरने अमुक फवारा असं लिहून टाकलं. त्यांचं उत्तर आलं, ‘बरं सर.’

आठ-दहा दिवसांनी त्यांच्याकडे गेलो. घडांच्या जागी नुसते देठ होते, कळ्या खाली गळून पडलेल्या. मळ्यात उभं राहून मी तो मेसेज पूर्ण ऐकला. दुसऱ्या मिनिटाला ते सांगत होते की ओळींत गुडघाभर चिखल आहे, ट्रॅक्टर आत जातच नाही. तिसऱ्या मिनिटाला, मजूर गावी गेलेत. आणि अगदी शेवटी, बाकी काही नाही म्हणून झाल्यावर, थोडं थांबून: “घडाला हात लावला का सर, कळ्या हातात येऊ राहिल्या.” म्हणजे गळकूज, कळ्या कुजून गळणं. म्हणजे मी सांगितलेला ब्लोअर त्या बागेत शिरूच शकत नव्हता, आणि जे करायला हवं होतं ते वेगळंच होतं: चर काढून पाणी बाहेर काढणं, आणि पाठीवरच्या पंपाने का होईना, घडांच्या पट्ट्यापुरतं संरक्षण. त्याने बाग पूर्ण वाचली असती असं म्हणत नाही. त्या वर्षी कोणाची पूर्ण वाचली? पण त्यांनी मला सगळं सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं. त्यांनी चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पुढच्या हंगामात त्यांनी दुसरा सल्लागार लावला. मी कारण विचारायला गेलो नाही.

तेव्हापासून नियम केलाय. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, हातात पेन नाही. दुसऱ्यांदा वहीत लिहायचं. आता दीडपट, दुप्पट वेगाने ऐकायची सोय आलीय, ती मी या कामात वापरत नाही. वेग वाढवला की माणूस कुठे थांबला ते ऐकू येत नाही, आणि बहुतेक वेळा तिथेच खरी गोष्ट असते. मी काय ऐकतो ते सांगतो. जी गोष्ट तो दोनदा बोलला ती. ‘पण’नंतरचं. ‘बाकी काय नाही’ याच्यानंतरचं, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते. मागचा आवाज: ब्लोअर चालू असेल तर तो विचारत नाहीये, सांगतोय; त्याला लगेच फोन करायचा. घरातला आवाज असेल, भांडी वाजत असतील, तर वेळ आहे. आणि मागून कोणी बोलत असेल, ‘त्यांना ते पण सांगा ना’ असं, तर ते काय हे हमखास विचारायचं. एकदा मागून वहिनींचा आवाज होता, “बोअरचं पाणी बदललंय ते सांगा.” सगळा घोळ त्या पाण्याचा होता. दादांनी स्वतःहून ते शेवटपर्यंत सांगितलं नसतं.

वहीत मी प्लॉटवार पान ठेवतो: छाटणीची तारीख, वाण, आणि माणूस जे बोलला ते त्याच्या शब्दांत. माझं निदान वेगळ्या रंगात. दोन्ही एकाच रंगात लिहिलं की महिन्याभराने काय त्याने सांगितलं आणि काय मी ठरवलं, ते कळेनासं होतं.

लहान उत्तरांचा अर्थही शिकावा लागतो. आमच्या भागात ‘बरं’ म्हणजे ऐकू आलं, करणार आहे असं नाही. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘बघतो’ म्हणजे पैशाची अडचण आहे. ‘हो सर हो सर’ दोनदा आलं तर समजलेलं नाही. ‘ठीक’ एवढंच, पूर्णविरामासकट, आलं तर राग आहे. आणि ‘राहू द्या’ हे सगळ्यात जड. आपल्याकडे भांडून संबंध तोडायची पद्धत कमी, ‘राहू द्या’ म्हणून माणूस बाजूला होतो. ‘बघतो’ आलं तर मी दुसऱ्या दिवशी लिहितो की याच कामाचं स्वस्तातलं एक आहे, ते असं असं. उधारीचा उल्लेख करत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

मेसेज कोण वाचणार, याचाही विचार करा. पाठवणारा मुलगा असतो, निर्णय अण्णांचा असतो, आणि टाकीत औषध ओतणारा तिसराच, कधी नांदगाव-सुरगाण्याकडून आलेला मजूर. म्हणजे तुमचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला जातो. लिहून झालं की एकदा स्वतःशी वाचून पाहा. ‘ग्रॅ./ली.’ वाचून दाखवता येत नाही. ‘लिटरला दोन ग्रॅम’ येतं, पण तेही अपुरं. तुमची टाकी किती लिटरची हे विचारा आणि हिशेब तुम्हीच करा: सहाशे लिटरच्या टाकीला बाराशे ग्रॅम. घाईत गुणाकार चुकला तर दोष त्याच्या डोक्यावर जातो, खरं म्हणजे तो आपण टाळलेला गुणाकार असतो. अण्णा घरात असतील तर ‘अण्णांनाही एकदा विचारा, पूर्वी या प्लॉटला असं झालं होतं का’ हे लिहिलं की दोन कामं होतात. म्हाताऱ्याला मान मिळतो, आणि कधी कधी खरंच उत्तर मिळतं.

ग्रुपवर निदान करू नका. हे एका ओळीत सांगून पुढे जाणार होतो, पण तुमच्या वयाची मुलं यात फार सापडतात. कोणी ग्रुपवर फोटो टाकला आणि तुम्ही खाली लिहिलंत, ‘घडावर भुरी रोग आहे’, की तो मेसेज शेजारचा वाचतो, भाऊबंद वाचतात, आणि त्याच ग्रुपमध्ये बसलेला व्यापारीही वाचतो. सौद्याच्या दिवशी तो किलोमागे भाव पाडतो. ग्रुपवर फक्त ‘पाहिलं, फोन करतो’. बाकी खाजगीत.

काही मेसेजमध्ये प्रश्नच नसतो. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी निफाड, चांदवड, दिंडोरी भागात गारा पडल्या. माझ्या फोनवर त्या रात्री जे आलं त्यातल्या निम्म्याला मजकूर नव्हता. घमेल्यात गोळा केलेल्या गारा. फाटलेली पानं. एकाने तर ओट्यावर ठेवलेला फुटक्या मण्यांचा घड एवढाच फोटो पाठवला. पुस्तकातलं उत्तर आहे: जखमांतून बुरशी शिरते, लवकर फवारणी घ्या. ते बरोबरच आहे. पण रात्री नऊला, अंधारात, घरात सगळे गप्प बसलेले असताना ते पाठवून काय साधणार? मी लिहिलं, “फोटो पाहिले. घरची माणसं, जनावरं ठीक आहेत ना? कुठल्या प्लॉटला जास्त आहे? आज रात्री काही मारायचं नाही. सकाळी सातला फोन करतो.” सकाळी केले. बहुतेक जण तासभर आधीच उठून वाट बघत होते. मग फवारणी, मग पंचनामा, मग विमा. नुकसान कळवायची मुदत तासांत मोजतात, म्हणून विमा उतरवलेल्यांना तेवढं पहिल्या फोनवर सांगितलं. त्या रात्री ‘धीर धरा, देव आहे’ अशा तयार ओळी पुष्कळ फिरत होत्या. मी त्या पाठवत नाही. माणसाने स्वतःच्या ओट्यावरचा फोटो पाठवला असेल तर निदान ओट्याबद्दल, घडाबद्दल, त्याच्याबद्दल काही लिहावं.

आणि एक मेसेज असा असतो की जिथे लिहिणंच थांबवायचं. “बाग तोडून टाकतो सर, सगळंच संपवतो आता.” हे वाक्य मला तीन वेळा आलंय. बहुतेक वेळा ते बागेबद्दलच असतं, कुऱ्हाड लावून थॉमसन द्राक्षाची बाग काढून टाकायची आणि टोमॅटो करायचा. पण ‘संपवतो’ कशाबद्दल हे टाइप करून ठरवत बसायचं नाही. फोन करायचा. उचलला नाही तर घरच्या दुसऱ्या माणसाला करायचा. उचलला तर सरळ विचारायचं, “दादा, बागेचं बोलताय की स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार मनात आलाय?” असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट असलेला बाहेर पडतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरी कोणीतरी जवळ बसेल आणि फवारणीची औषधं कुलपात जातील हे बघायचं. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी मानसोपचाराचा माणूस नाही, द्राक्षाचा आहे. पण मेसेज त्याने मला केलेला असतो, तेव्हा पहिला फोन माझाच.

आता तुमच्या काकांचं. ‘राहू द्या सर’ला तुम्ही काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही, म्हणजे दिलं नसावं. खुलासा करू नका, ‘माझा सल्ला बरोबर होता’ हे तर मुळीच नको. आज संध्याकाळी, धार काढून झाल्यावर माणूस जरा बसलेला असतो तेव्हा, एवढं पाठवा:

“काका, परवा मी घाई केली. तुम्ही पानं करपली म्हणालात आणि मी बाकी काही न विचारता औषधं पाठवली. ती घेतली नसतील तर बरंच झालं. पानं आता कशी आहेत? नवीन फूट स्वच्छ निघतेय का? उद्या सकाळी आठच्या सुमारास मोहाडीकडे येतोय, चालत असेल तर बागेत चक्कर मारू.”

मोहाडीच्या जागी तुमचं गाव घाला. उत्तर आलं नाही तरी जा. पोहोचल्यावर आधी पानांकडे बघू नका, शेडकडे बघा. रिकाम्या पुड्या आणि बाटल्या कोपऱ्यात पडलेल्या असतात. त्या हातात घेऊन वाचत बसू नका, काकांना दिसेल असं तर नकोच. नजर टाकली की तुम्हाला कळेल. मग ओळीतून चालताना त्यांना बोलू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीच्या टोकाशी, वळताना, ते स्वतःच सांगतील की चार दिवसांपूर्वी काय झालं.